परत येण्याची वेळ

(आधार : यिर्मया ८:४-७)



यिर्मया संदेष्टा हा यरुशलेमेजवळच्या अनाथोथ नावाच्या गावचा. गावच्या माणसाची दृष्टी जशी सहज आभाळाकडे जाते, तशी त्याचीही जात असावी. कारण त्याचा देश पाखरांच्या मोठ्या वाटेवर आहे. यूरोप व आफ्रिका ह्या दोन खंडांमध्ये ये-जा करणारे लाखो करकोचे आजही प्रतिवर्षी त्या भूमीवरून जातात. म्हणून यहूदाच्या लोकांस बोध करताना त्याने राजाचा किंवा याजकाचा दाखला घेतला नाही, पाखरांचा घेतला. करकोचा, होला, निळवी, सारस ही पाखरे आपापली येण्याची वेळ ओळखून असतात; आणि देवाची प्रजा मात्र आपल्या देवाचा नियम ओळखीत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

परंतु ह्या वचनाच्या मागची दोन-तीन वचनेही वाचली पाहिजेत. तेथे संदेष्टा विचारतो की, जो पडला तो उठत नाही काय, आणि जो वळून गेला तो वळून येत नाही काय? मूळ इब्री भाषेत दूर जाण्यास व परत येण्यास तेथे एकच धातू योजिलेला आहे. जो वळून जाऊ शकतो तो वळून येऊही शकतो. मग हे लोकच का येत नाहीत, असे त्याचे दुःख आहे. पाखरांचा दाखला ह्या प्रश्नाच्या पोटी आला आहे. ह्या वचनावर मी पुष्कळ वेळा उपदेश केला. तथापि त्याचा अर्थ मला गेल्या मार्गशीर्षात एका मित्राच्या संगतीने समुद्रकाठी कळला, आणि तो सांगताना माझी स्वतःची चूक तुमच्यापुढे ठेवणे मला भाग आहे.

आपल्या मावळात पाहुणी पाखरे कधी येतात हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, भात अजून शेतात उभे असता, इंद्रायणीच्या काठी शेपूट खालीवर हालविणारा धोबी दिसू लागतो. आणि कापणी होऊन खाचरे मोकळी झाली म्हणजे तो बांधाबांधावरून धावत किडे वेचतो. हा पक्षी हिमालयाच्या पलीकडील थंड देशांतून आलेला असतो. मार्गशीर्षाच्या आगेमागे लोणावळ्याच्या माथ्यावर लहानसे ससाणे वाऱ्यावर तरंगताना दिसतात. त्यांस अमूर ससाणा म्हणतात. ते सैबेरिया व उत्तर चीन ह्या प्रदेशांतून निघून आफ्रिकेच्या दक्षिणेस जातात, आणि वाटेत आपला मुलूख ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतात. ह्या सर्वांस कोण बोलावितो? दिवसाचा उजेड कमी होऊ लागला की त्यांच्या अंगी निघण्याची ओढ उत्पन्न होते. वाटेची शिदोरी म्हणून ती आधीच पोटभर खाऊन अंगी चरबी साठवितात. आणि सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकत्व ह्यांच्या साहाय्याने दिशा राखतात, असे ह्या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात. ज्याने हे सर्व त्यांच्या ठायी घातले, त्याची ओळख आपणांस पवित्र शास्त्राने करून दिली आहे.

आता मित्राविषयी सांगतो. तो आमच्या भागातील एका शाळेत पुष्कळ वर्षे मास्तर होता. त्याचे मूळ घर अलिबागेजवळ आक्षीच्या बाजूस. पाखरांचा त्यास मोठा नाद. दर हिवाळ्यात एक दिवस काढून आम्ही दोघे घाट उतरत असू व आक्षीच्या किनाऱ्यावर पाखरे पाहत असू. तो आमच्या मंडळीचा हिशेब तपासनीसही होता.

दहा वर्षांपूर्वी आमच्या भक्तिस्थानाच्या छपरासाठी वर्गणी जमत होती. पेटी माझ्या घरी असे. त्या दिवसांत माझा मुलगा आजारी पडला, आणि पेटीतले चार हजार रुपये मी औषधोपचारास खर्च केले. पुढच्या पगारातून भरून टाकीन, असे मनाशी ठरविले होते. परंतु त्यापूर्वीच मंडळीची सभा भरली, आणि मास्तराने सरळपणे विचारले की, वर्गणीची रक्कम कोठे आहे? मी म्हणालो, "पेटीत आहे." तो म्हणाला, "मग पेटी आणून सर्वांसमक्ष मोजू या." ह्यावर मी संतापलो. उपदेशकावर अविश्वास दाखविला असे मोठ्याने बोललो, आणि प्रार्थना करून सभा संपविली. बंधूंनो, त्या प्रार्थनेची मला आजही लाज वाटते.

रक्कम मी त्याच महिन्याच्या अखेरीस भरली. एक रुपयाही बुडाला नाही. परंतु मंडळीत मास्तराचे नाव झाले की, हा भांडखोर आहे, कारण नसता उपदेशकाचा अपमान करितो. ते नाव मी पुसले नाही. मास्तराने कोणापाशी तक्रार केली नाही. वर्षभरात तो सेवानिवृत्त होऊन आपल्या गावी निघून गेला. जाताना तो माझ्या दाराशी आला होता. मी घरात असून बाहेर गेलो आहे असे सांगविले. त्यानंतर नऊ हिवाळे गेले. धोबी प्रतिवर्षी खाचरात आला. मी मात्र घाट उतरलो नाही.

गेल्या कार्तिकात एक पोस्टकार्ड आले. अक्षर वेडेवाकडे होते, म्हणून प्रथम ओळखू आले नाही. त्यात इतकेच होते : "पाखरे आली आहेत. शुद्ध अष्टमीस ओहोटी दुपारी बारास आहे. ये." खाली मास्तराचे नाव.

जे समुद्रापासून दूर राहतात त्यांच्यासाठी अष्टमीचा अर्थ सांगतो. आपल्या कोकणकिनाऱ्यावर जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा; म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि मध्यान्ही ओहोटी. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येस ती दुपारच्या सुमारास येते व उधाण असते. ओहोटीस वाळू व चिखल उघडा पडतो, आणि तेथील किडे, शिंपले व लहान खेकडे हे पाखरांचे अन्न होय. म्हणून समुद्रपक्षी पाहणाऱ्याने घड्याळाच्या आधी तिथी पाहावी, असे मास्तर नेहमी म्हणे. त्याच्या कार्डात रागाचा एक शब्द नव्हता, क्षमेचाही नव्हता. केवळ वेळ कळविलेली होती. दोन दिवस ते कार्ड मी बायबलात ठेवून फिरलो. तिसऱ्या दिवशी जाण्याचे ठरविले.

पहाटे कामशेतहून लोकलने लोणावळ्यास आलो व तेथून एस्. टी. ने घाट उतरलो. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांत पावसाचे पाणी अडवून ते नळांतून खाली खोपोलीस सोडतात, आणि त्याच्या जोरावर १९१५ सालापासून वीज निघते. पुढे तेच पाणी पाताळगंगेतून समुद्रास मिळते. समुद्रावरून ढग होऊन आलेले पाणी, मधे अडविले गेले, चाकांवर आदळले, तरी अखेरीस जेथून आले तेथेच जाते. उपदेशकाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात नद्यांविषयी हेच म्हटले आहे. मी खिडकीशी बसून मनात म्हणत होतो, पाणी जाते, पाखरू जाते, मग तुझाच पाय का जड झाला आहे?

खोपोली, पेण व अलिबाग करीत आक्षीस पोहोचलो तेव्हा अकरा वाजावयास आले होते. मास्तर सुरूच्या झाडांखाली काठी टेकून उभा होता. मी जवळ गेलो तरी त्याने ओळखले नाही. आवाज दिला तेव्हा तो हसला. मधुमेहाने त्याची दृष्टी बहुतेक गेली आहे. "आलास? पाणी उतरू लागले आहे, चल," एवढेच तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वाळूवर चालू लागला.

त्या दिवसाचे दृश्य थोडक्यात सांगतो. ओल्या वाळूवर कुरवांचा मोठा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट-लडाखकडील उंच सरोवरांच्या काठी अंडी घालतात व हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यास येतात. लाटेच्या कडेने पांढुरकी लहान पाखरे लाट मागे हटली की धावत आत जात आणि लाट आली की तशीच धावत बाहेर येत. ती उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातली. चिखल्या पक्षी चार पावले धावून थांबत, चोच मारीत व पुन्हा धावत. तांबड्या चोचीचे काळेपांढरे कालवफोडे खडकांपाशी होते, आणि दूर एक लांब वाकड्या चोचीचा कुरल एकटाच चिखलात चोच खुपसून उभा होता. कोळ्यांची मुले त्यांच्याजवळून जाळी घेऊन जात, तेव्हा ती थोडी बाजूस सरत व पुन्हा आपल्या कामास लागत.

मास्तराने पिशवीतून एक जुनी वही काढली. तीत प्रत्येक हिवाळ्याची नोंद होती : तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, पाखरांची नावे व संख्या, आणि शेवटी एक रकाना : "सोबत". पहिल्या पानांवर त्या रकान्यात माझे नाव होते. पुढल्या नऊ पानांवर रकाना आखलेला होता, पण त्यात काही लिहिलेले नव्हते.

वही माझ्या हाती देऊन तो म्हणाला, "आता मला दिसत नाही. तू मोज आणि तूच लिही."

मी म्हणालो, "माझ्या मोजणीवर तुझा विश्वास आहे?"

तो म्हणाला, "नसता तर कार्ड टाकले असते का?"

मी मोजू लागलो. कुरव दोनशेपर्यंत मोजले, आणि मग आकडे पुढे जाईनात. मी तसाच वाळूवर बसलो व म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी पेटीत पैसे नव्हते. मी खोटे बोललो. आणि तुझे नाव खराब झाले ते मी होऊ दिले."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रक्कम भरल्याची नोंद मी महिन्याच्या अखेरीस पाहिली होती. पैशाचा हिशेब तेव्हाच मिटला. तुझा हिशेब उघडा होता. तो मला मिटविता येत नव्हता. तुलाच मिटवावयाचा होता." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मलाही राग होता. पाच वर्षे होता. मग डोळे जाऊ लागले, आणि वाटले, राहिलेल्या दिवसांत राग पाहण्यापेक्षा पाखरे पाहावी."

पाणी पुन्हा चढू लागले. चिखल झाकला जाऊ लागला, तशी पाखरे थव्याथव्यांनी उठून वरच्या कोरड्या वाळूवर येऊन बसली. आम्ही मोजणी पुरी केली, आणि "सोबत" ह्या रकान्यात त्याने माझ्याकडून माझे नाव लिहविले. त्या रात्री त्याच्याच घरी मुक्काम केला. वहिनींनी तांदळाची भाकरी व सुक्या बोंबलांचे कालवण वाढले. नऊ वर्षांत इतके गोड जेवण मी जेवलो नव्हतो.

आता ह्या सर्वांतून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट : परतण्यास एक वेळ असते. पाखरू उशिरा निघेल तर वाटेत अन्न संपेल, वादळ गाठील. माझ्या मित्राची दृष्टी माझी वाट पाहत थांबली नाही. ज्या डोळ्यांनी त्याने मला पूर्वीप्रमाणे येताना पाहावयाचे ते डोळे मी नऊ वर्षांत गमाविले. देवाची क्षमा सदा सिद्ध आहे हे खरे. परंतु ज्या मनुष्याचा आपण अपराध केला तो सदा राहणारा नाही. तुमच्या भावाशी बांधाच्या वितीवरून अबोला असेल, जावाजावांचे बोलणे बंद असेल, तर पुढच्या सुगीची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट : वाट ठाऊक नाही ही सबब चालणार नाही. २०२२ सालच्या ऑक्टोबरात पाणटिवळा जातीचे एक पिलू, जेमतेम पाच महिन्यांचे, अलास्काहून उडाले आणि कोठेही न उतरता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर अंतर तोडून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेटावर पोहोचले. त्याच्या अंगावर लावलेल्या यंत्राने हे कळले. ती वाट त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याच्या जातीची पाखरे आपल्याही किनाऱ्यास येतात. ज्या देवाने त्या पिलास अथांग सागरावर वाट दिली, तो तुम्हांस शेजाऱ्याच्या दारापर्यंतची वाट देणार नाही काय? मी घाट उतरलो तेव्हा काय बोलावे हे मला ठाऊक नव्हते. शब्द वाळूवर बसल्यावर मिळाले.

तिसरी गोष्ट : एकटा मनुष्यच नव्हे, सबंध गावही परत येऊ शकते. लोणावळ्यावरून जाणाऱ्या ज्या अमूर ससाण्यांविषयी वर सांगितले, ते वाटेत नागालँडात उतरतात. तेथील वोखा जिल्ह्यात पांगती नावाचे गाव आहे. त्या भागातील बहुतेक लोक आपल्याप्रमाणेच ख्रिस्ती आहेत. २०१२ साली दोयांग जलाशयाच्या काठी जाळी लावून ते ससाणे हजारोंच्या संख्येने पकडले व मारले जात असल्याचे उघडकीस आले, आणि जगभर हळहळ झाली. गरिबांस त्यातून पैसा मिळे, म्हणून सोडणे सोपे नव्हते. तथापि गावोगावच्या ग्रामपरिषदा, मंडळ्या, पक्षिप्रेमी व वनखाते ह्यांनी मिळून समजूत घातली, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ साली, जाळी लागली नाहीत. जे पूर्वी पकडीत तेच राखण करू लागले. एका वर्षात गाव फिरले. मला नऊ वर्षे लागली.

चौथी गोष्ट, आणि ही विशेषेकरून आम्हां उपदेशकांस : परतणे अर्ध्या वाटेवर संपत नाही. आक्षीहून येताना मला वाटले, मित्राने क्षमा केली, आता झाले. परंतु मास्तराचे नाव आमच्या गावात खराब झाले होते, आक्षीस नव्हे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की, वेदीजवळ अर्पण आणले असता भावाचे गाऱ्हाणे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट करावा. पुढच्या रविवारी मी उपदेश न करिता मंडळीपुढे उभा राहून सर्व हकीकत सांगितली. काहींनी मान खाली घातली. एका गृहस्थाने उठून मला कडक शब्दांत जाब विचारला. तो त्याचा अधिकार होता. एक वृद्ध बाई म्हणाली, "मास्तर खरा होता, हे माझ्या नवऱ्याला मरण्याआधी कळावयास हवे होते." ह्यास मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. त्या दिवसापासून वर्गणीच्या पेटीस दोन कुलुपे आहेत, किल्ल्या दोन निरनिराळ्या घरी असतात, आणि दर महिन्यास पैसा सर्वांसमक्ष मोजला जातो. ज्या ज्या गावी पेटी एकट्या उपदेशकाच्या घरी असेल, त्या गावी हीच रीत घालावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हिशेब विचारणाऱ्यास शत्रू समजू नका. तो तुमच्या जिवाची राखण करितो.

शेवटी, पाखरू व मनुष्य ह्यांत एक भेद आहे. पाखरू परत येते त्यात त्याचा गुण नाही. त्यास अभिमान नसतो, म्हणून त्याची वाट अडत नाही. आपणांस अभिमान आहे. परंतु आपणांस पाखराहून एक गोष्ट अधिक मिळाली आहे : आपणांस कोणी नाव घेऊन बोलावितो. लूकाच्या पंधराव्या अध्यायातील बापाने पुत्र दूर असतानाच त्यास पाहिले. अर्थात् तो वाटेकडे डोळे लावून बसला होता. त्याच्या वहीतही आपल्या नावाचा रकाना रिकामा ठेवलेला आहे. त्याने तो दुसऱ्या कोणाच्या नावाने भरला नाही.

ह्या वर्षी खाचरात धोबी दिसेल तेव्हा क्षणभर थांबा, आणि आपणांस कोणाकडे परत जावयाचे राहिले आहे, हे आठवा. मग त्याच आठवड्यात निघा.

हे प्रभो, आकाशातील पाखरांस तू वेळ कळवितोस; आम्हांसही आमची वेळ कळीव. आमचा अभिमान मोड, आमचे पाय हलके कर, आणि ज्यांस आम्ही दुखविले त्यांच्या दारापर्यंत आम्हांस पोहोचीव. आमेन.